जुन्या लष्करी रायफलींची काडतुसे घरी भरताना खर्च नेमका कुठे वाचतो?

मापाडी (धागाकर्ता)

जुन्या लष्करी रायफलींसाठी काडतुसे भरणाऱ्यांची चर्चा बहुतेक वेळा दारूवरच अडकते: कुठली स्वस्त, कुठली कमी लागते. माझ्या मते हिशेबाची सुरुवातच तिथे चुकते. .३०३ ली-एनफिल्ड, मोसिन-नागान, ७.९२ माउझर या रायफलींमध्ये पैसा गळतो तो पुंगळीत (काडतुसाच्या पितळी कवचात). दारू आणि प्राइमर (बुडातली ठिणगीची टोपी) एकदाच वापरायचे, ते जळणारच. पुंगळी तीनदा भरता येईल की पंधरा वेळा, हे मात्र भरणाऱ्याच्या हातात असतं.

आकडे बघा. एका पौंडात ७००० ग्रेन. काडतुसाला ४० ग्रेन दारू धरली तर पौंडात १७५ काडतुसं होतात. भार ३९ केला तर १७९. म्हणजे ग्रेनभर काटकसर केली तर अख्ख्या पौंडामागे चार काडतुसं जास्त. (आकडे फक्त गणितासाठी घेतलेत, कोणीही ते भार म्हणून वापरू नयेत. भार नेहमी छापील पुस्तकातूनच घ्यायचा.) उलट पुंगळी तीनऐवजी पंधरा वेळा टिकली तर पुंगळीचा खर्च एक पंचमांश होतो.

ती लवकर का मरते? .३०३ चं काडतूस चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या भागात) बुडाच्या बाहेर आलेल्या कडेवर टेकतं, खांद्यावर (पुंगळी निमुळती होऊन मानेला मिळते तिथे) नाही. लष्करी चेंबर मुद्दाम ऐसपैस कापलेले असतात. चिखल लागलेलं, थोडं वाकडं काडतूसही आत जायला हवं, ही त्यामागची गरज. त्यामुळे खांद्यापुढे भरपूर मोकळी जागा राहते. घोडा पडला की पुंगळी पुढे ढकलली जाते आणि कडेवर अडते. दाब चढला की तिच्या पातळ भिंती चेंबरला घट्ट चिकटतात, जाड बूड चिकटत नाही. मग बूड मागे बोल्टला (चेंबर मागून बंद करणाऱ्या दांड्याला) टेकेपर्यंत सरकतं आणि मधलं पितळ ताणलं जातं. कडेपासून साधारण सेंटिमीटरभर वर एक पातळ कडं तयार होतं. दर वेळी डायने (पुंगळी आवळून आकारात आणणाऱ्या साच्याने) खांदा परत मागे ढकलला की दर वेळी तेवढाच ताण पुन्हा. तिसऱ्या-चौथ्या भरणीला पुंगळीचे दोन तुकडे होतात, पुढचा तुकडा चेंबरमध्येच राहतो.

ली-एनफिल्डचं किमान हेडस्पेस (बंद बोल्टच्या तोंडापासून कड जिथे अडते तिथपर्यंतची जागा) १.६३ मिमी (०.०६४ इंच), बाद करण्याची लष्करी मर्यादा १.८८ मिमी (०.०७४ इंच). समजा तुमच्या रायफलीत ते १.८० आहे आणि पुंगळीची कड १.४५ जाडीची निघाली, तर पहिल्याच गोळीला पितळ ०.३५ मिमी ताणलं जाणार. म्हणून नवीन पुंगळ्या घेतल्या की कॅलिपरने कडेची जाडी मोजा आणि जाड कडेच्या वेगळ्या काढा. ली-एनफिल्डच्या नंबर ४ रायफलीत बोल्टचं डोकं बदलता येतं. त्यावर ० ते ३ असे आकडे असतात, आकडा मोठा तसं डोकं लांब. हेडस्पेस कमी करायचा हा रास्त मार्ग आहे, पण डोकं बसवल्यावर गेजने तपासल्याशिवाय गोळी झाडायची नाही. डोक्यावरचा आकडा हे मापाचं प्रमाणपत्र नव्हे.

पहिल्या गोळीसाठी सोपा उपाय म्हणजे पातळ रबरी ओ-रिंग. पुंगळीच्या कडेच्या लगेच पुढे ती घट्ट बसवायची. बोल्ट बंद करताना ती दबते आणि काडतूस मागे बोल्टला टेकवून धरते. पुस्तकातल्या सुरुवातीच्या भारावर एकदा झाडलं की खांदा पुढे सरकून चेंबरच्या आकाराचा होतो आणि बुडाजवळ ताण जवळजवळ येत नाही. त्यानंतर फक्त मान आवळायची, खांद्याला हात लावायचा नाही. त्या पुंगळ्या यापुढे त्याच रायफलीच्या. डब्यावर रायफलीचा क्रमांक लिहून ठेवा.

---

नवा_नेमबाज

उपयुक्त धागा. एक शंका आहे. डायसोबतच्या कागदावर लिहिलंय की प्रेसचा (डाय बसवायच्या दाबयंत्राचा) दांडा पूर्ण वर घ्या, डाय शेलहोल्डरला (पुंगळीचं बूड धरणाऱ्या पकडीला) टेकेपर्यंत फिरवा आणि वर थोडी आणखी आवळा. तुम्ही म्हणता खांद्याला हात लावू नका. मग डाय नेमकी कुठे थांबवायची?

---

मापाडी

कागदावरची कृती कुठल्याही रायफलीत चालेल असं काडतूस तयार होण्यासाठी आहे. तुम्हाला ते एकाच रायफलीत चालवायचंय.

प्रेसच्या डायचे आटे बहुतेक ७/८ इंच, इंचाला १४ असतात. म्हणजे एक पूर्ण फेरा १.८१ मिमी. एक अष्टमांश फेराही ०.२३ मिमी होतो, तो आपल्या कामासाठी फार मोठा. ०.०५ मिमी हवं असेल तर डाय जेमतेम दहा अंश फिरवायची. त्यासाठी डायच्या लॉकरिंगवर आणि प्रेसवर पेनाने एकेक रेघ मारून घ्या.

डाय शेलहोल्डरला टेकवा आणि पूर्ण एक फेरा उलट सोडा. झाडलेल्या पुंगळीच्या मानेवर आणि खांद्यावर मार्करची शाई लावा, वंगण लावून डायमधून काढा. शाई फक्त मानेवर पुसली गेलेली दिसेल. आता थोडी थोडी डाय खाली आणा आणि दर वेळी पुंगळी पुसून रिकाम्या चेंबरमध्ये घालून बघा. ज्या जागी खांद्यावरची शाई नुकतीच पुसायला लागते आणि बोल्ट बंद करताना शेवटी हलका अडसर जाणवतो, तिथे थांबा. तिथेच लॉकरिंग आवळा. बोल्ट अगदी सैल पडायला लागला तर तुम्ही पुढे गेलात.

यात एक खाच आहे. डाय वर असताना पुंगळीची भिंत आधी आवळली जाते आणि खांदा उलट पुढे ढकलला जातो. त्यामुळे मध्येच बोल्ट पूर्वीपेक्षा जड जाईल. घाबरू नका, आणखी पाच-दहा अंश खाली आणलं की तो परत हलका होतो.

---

शिसेवाला

पुंगळीबद्दल सहमत, पण निष्कर्षाशी नाही. पुंगळी पंधरा वेळा टिकायला लागली की तिचा वाटा इतका लहान होतो की सगळ्यात महाग वस्तू गोळी ठरते. कारखान्याची तांबं चढवलेली गोळी दर वेळी नवी लागते. ती घरी शिशाची ओतली तरच खरी बचत. एका किलो धातूत २०० ग्रेनच्या ७७ गोळ्या निघतात, आणि फसलेल्या गोळ्या परत भांड्यात.

जुन्या लष्करी नळीत शिशाची गोळी फसते ती बहुतेक मापामुळे. पुस्तकात .३०३ म्हणजे ०.३११ इंच, पण प्रत्यक्षात नळीच्या आतल्या पिळदार खोबणीचा व्यास ०.३११ ते ०.३१५ काहीही निघतो. ०.३११ ची गोळी ०.३१४ च्या नळीत घातली की मागचा वायू कडेने पुढे निसटतो, शिसं कापत जातो, आणि नळीत शिशाचा थर बसतो. लोक मग म्हणतात शिसं मऊ होतं. शिसं मऊ नव्हतं, गोळी बारीक होती. खोबणीच्या व्यासापेक्षा ०.००१ ते ०.००२ इंच मोठी गोळी हवी.

माप घ्यायचं तर मासेमारीचं मऊ शिशाचं वजन घ्या, नळीला तेल लावा, तोंडाकडून दांड्याने हळूहळू दाबत पार करा. आणि इथे एनफिल्डची गंमत आहे. तिच्या बहुतेक नळ्यांना पाच खोबणी. पाच म्हणजे विषम, खोबणीच्या बरोबर समोर दुसरी खोबणी नसतेच. कॅलिपरचा एक जबडा खोबणीच्या ठशावर आणि दुसरा उंचवट्याच्या ठशावर बसतो, माप कमी येतं. उपाय: माहीत असलेल्या जाडीची पातळ पितळी पट्टी त्या शिशाभोवती एकदा घट्ट गुंडाळा, बाहेरून मोजा आणि पट्टीची दुप्पट जाडी वजा करा. युद्धकाळातल्या काही नंबर ४ रायफलींच्या नळ्या दोन खोबणींच्या आहेत, तिथे ही कटकट नाही.

मिश्रधातू: ९० भाग शिसं, ५ कथील, ५ अँटिमनी हे लायमन नंबर २ चं जुनं प्रमाण जवळपास सगळीकडे चालतं. हळू गोळ्यांना २० भाग शिसं आणि १ भाग कथील पुरतं, कथील महाग असल्याने जास्त घालण्यात अर्थ नाही. चाकांची जुनी वजनं वितळवताना जस्ताकडे लक्ष ठेवा. जस्त ४१९ अंश सेल्सिअसला वितळतं. भांडं ३५०-३७० वर ठेवलं तर जस्ताची वजनं अख्खी वर तरंगतात, झाऱ्याने काढून टाकता येतात. तापमान पुढे गेलं आणि जस्त विरघळलं की ती सगळी भट्टी वाया, साचा भरतच नाही.

आणि पाण्याचा थेंब. ओलं वजन वितळलेल्या शिशात पडलं तर वाफेचा स्फोट होऊन शिसं तोंडावर येतं. वजनं कोरड्या थंड भांड्यातच घालून तापवायला सुरुवात करा.

---

खोबणीकर

शिसेवाला यांना +१. भर म्हणून: वंगणाच्या मेणाऐवजी पावडर कोटिंग केलं तर खर्चही कमी आणि डाय-साचेही स्वच्छ. कोरड्या डब्यात गोळ्या आणि रंगाची पावडर हलवायची, जाळीवर सुटी मांडायची, भट्टीत २०० अंशांना २० मिनिटं. थर थोडा जाड होतो, त्यामुळे गोळी मापात आणायची डाय नंतर, आधी नाही. ती भट्टी पुन्हा स्वयंपाकाला वापरायची नाही.

---

दारूगोळा

शिशाच्या गोळ्यांसोबत जो धोका येतो तो कोणी लिहिला नाही, म्हणून लिहितो.

शिशाच्या गोळीला दारू कमी लागते आणि ती जलद जळणाऱ्या जातीची असते. .३०३ किंवा .३०-०६ (जुनं अमेरिकी लष्करी काडतूस) च्या मोठ्या पुंगळीत ती तळाला बसते. दुप्पट भार पडला तरी पुंगळी भरल्यासारखी दिसत नाही, आणि दुप्पट भाराने रायफल फुटते. त्यामुळे पद्धत ठरलेलीच ठेवायची. सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उलट्या ठेवा. एक उचला, सुलट करा, दारू घाला, लगेच गोळी बसवा, मगच दुसरी. पन्नास पुंगळ्यांत आधी दारू ओतून मग गोळ्या बसवायच्या असतील तर बॅटरीच्या उजेडात प्रत्येकीत डोकावा, दारूची पातळी सारखी दिसली पाहिजे.

उलट दिशेचा धोकाही तितकाच खरा. रायफलीची सावकाश जळणारी दारू बचतीसाठी मनाने अर्धी करायची नाही. अर्धवट भरलेल्या पुंगळीत तिच्यामुळे दाब अचानक प्रचंड चढल्याची प्रकरणं आहेत. कमी भार हवे असतील तर त्यासाठी छापलेली माहिती असते तीच वापरा. उदाहरणार्थ हॉजडन कंपनीने तिच्या एच४८९५ साठी स्वतःच सांगितलंय की पुस्तकातल्या कमाल भाराच्या ६० टक्क्यांपर्यंत खाली येता येतं. ही सवलत त्याच दारूची आहे. नावात ४८९५ आहे म्हणून दुसऱ्या कंपनीच्या दारूला लागू नाही.

---

आठ_फैरी

मूळ धाग्यातला "फक्त मान आवळा" हा सल्ला गॅरंडवाल्यांनी (ही .३०-०६ ची अमेरिकी लष्करी रायफल) कृपया सोडून द्यावा. स्वयंचलित भरणीच्या रायफलीत बोल्ट हाताने नाही, स्प्रिंगने बंद होतो. काडतूस जड गेलं तर बोल्ट पूर्ण बंद व्हायच्या आधीच घोडा पडण्याची परिस्थिती येऊ शकते. तिथे पूर्ण आवळणीच हवी, खांदा ०.०८ ते ०.१० मिमी मागे. बोल्टवाल्या रायफलीत ०.०३ ते ०.०५ पुरतो.

त्यामुळे गॅरंडची पुंगळी चार-पाच भरण्यांनंतर निवृत्त करायची. तिथे पंधराचं स्वप्न नको.

अजून दोन गोष्टी. गॅरंडची फायरिंग पिन मोकळी असते. बोल्ट पुढे आदळताना ती प्राइमरला हलकीशी टेकतेच. चेंबरमधून न झाडता काढलेल्या काडतुसाच्या प्राइमरवर छोटी टिकली उठलेली दिसते. म्हणून प्राइमर पुंगळीच्या बुडापेक्षा किंचित आत बसलेला हवा. दर काडतुसावरून बोट फिरवा. आणि जड गोळी अधिक सावकाश जळणारी दारू हा संयोग टाळा. नळीत पुढच्या बाजूला दाब जास्त राहतो आणि ऑपरेटिंग रॉड (वायूच्या दाबाने बोल्ट मागे नेणारा दांडा) वाकतो. तो रॉड बदलण्याच्या खर्चात कित्येक डबे दारू येईल. गॅरंडसाठी वेगळे छापलेले भार मिळतात, साधे .३०-०६ चे घेऊ नका.

---

ताव_देणारा

पुंगळी बुडापाशी वाचवली तरी मान फुटायला लागते. पितळ दर वेळी फुगतं, आवळलं जातं, परत फुगतं, आणि कडक होत जातं. लष्करी चेंबरच्या मानाही सैल, त्यात डाय मान गरजेपेक्षा जास्त आवळते आणि डायमधला गोळा तिला परत फुगवतो. एकाच भरणीत तीनदा मारझोड. उपाय म्हणजे दर तीन-चार भरण्यांनी मानेला ताव द्यायचा, म्हणजे तापवून पितळ परत मऊ करायचं.

पुंगळी बोटांत धरता येईल अशा खोल सॉकेटमध्ये ठेवा, सॉकेट ड्रिलला लावा, सावकाश फिरवा. प्रोपेनच्या ज्योतीचं निळं टोक मान आणि खांदा जिथे मिळतात तिथे. अंधाऱ्या खोलीत करा. मानेचा रंग बदलून मंद लाली जेमतेम दिसायला लागली की लगेच बाहेर. बहुतेक वेळा सहा-आठ सेकंद. खात्री हवी असेल तर ४०० अंश सेल्सिअसला (७५० फॅरनहाइट) वितळणारं तापमापक रंगद्रव्य मानेच्या आत लावा, ते वितळलं की थांबा. लख्ख लाल झाली तर पितळ जास्त मऊ झालं, गोळी धरणार नाही.

बूड तापता कामा नये. सगळा दाब तेच झेलतं. ते मऊ झालं तर प्राइमरची खोबण पसरते, पुढे मोठा अपघात. कोणी पुंगळ्या साफ करून भट्टीत वाळवत असेल तर १०० अंशांच्या वर नेऊ नये. पूर्ण पुंगळी भट्टीत घालून "ताव" देणाऱ्यांना तर हात जोडून विनंती, करू नका.

पाण्यात टाकणं सक्तीचं नाही. पितळ पोलादासारखं पाण्यात टाकल्याने कडक होत नाही. पाण्याने फक्त उष्णता खाली उतरायची थांबते.

---

सहज_विचारतो

साफसफाईसाठी पितळ चकचकीत करणारी बाजारू पॉलिश चालेल का? लवकर होतं काम.

---

ताव_देणारा

डब्यावर अमोनिया लिहिलेला असेल तर अजिबात नाही. ताण राहिलेल्या पितळाला अमोनिया तडे पाडतो. हा शोधच मुळी काडतुसांवरून लागला. हिंदुस्थानातल्या ब्रिटिश लष्कराची काडतुसं पावसाळ्यात तबेल्यांमध्ये साठवलेली असायची, आणि पुंगळ्या आपोआप तडकायच्या. घोड्यांच्या मूत्रातून सुटणारा अमोनिया आणि ओढून घडवलेल्या पितळातला उरलेला ताण यांनी मिळून हे होतं, याचा उलगडा १९२१ मध्ये झाला.

स्वस्त आणि पुरेसं: कोमट पाणी, भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, लिटरला अर्धा चमचा सायट्रिक आम्ल, दहा मिनिटं हलवा, दोनदा खळखळून धुवा, वाळवा. जास्त वेळ ठेवलं किंवा आम्ल जास्त झालं तर पितळ गुलाबी दिसायला लागतं. जस्त निघून तांबं उरल्याची ती खूण. चमकीने नेम सुधारत नाही, घाण गेली की पुरे.

---

सात_ब्याण्णव

माउझरवाल्यांसाठी. .३०-०६ च्या वापरलेल्या पुंगळ्या भरपूर मिळतात आणि बुडाचं माप जवळपास सारखंच. त्यातून ७.९२×५७ बनते. तीच पुंगळी ७.७ अरिसाका आणि ७.६५ अर्जेंटाइन माउझरलाही चालते.

मान बारीक दातांच्या करवतीने कापा, पुंगळी ५७.५ मिमी राहू द्या. आतबाहेर खरवड काढा. वंगण लावून ८×५७ च्या पूर्ण डायमधून काढा. मग ट्रिमरने ५६.८ वर आणा, कमाल ५७.०० आहे, त्याच्या वर गेली तर मान चेंबरच्या टोकाला अडते, गोळी चिमटली जाते आणि दाब वाढतो. नंतर मानेला ताव.

सगळ्यात जास्त चुकतं ते मानेच्या जाडीत. नवी मान ही जुन्या पुंगळीच्या अंगाचा भाग आहे, तिथलं पितळ जाड. गोळी बसवल्यावर मान चेंबरमध्ये घट्ट बसली तर गोळी सोडायला तिला फुगायला जागा राहत नाही. तपासणी बिनखर्चाची: अशी एक पुंगळी झाडून झाल्यावर तिच्या तोंडात नवी गोळी बोटाने सोडून बघा. सहज आत गेली तर ठीक. अडली तर मान बाहेरून तासून पातळ करावी लागेल.

बुडावरचा शिक्का .३०-०६ चाच राहतो, हे विसरू नका. ज्यांच्याकडे दोन्ही रायफली आहेत त्यांनी शिक्क्यावर रंग लावा आणि डबे वेगळे ठेवा.

आणि गोळी घेण्याआधी नळी मोजा. जर्मनीने १९०५ मध्ये ०.३२३ इंचाची एस गोळी घेतली. त्याआधीच्या कमिशन रायफली (१८८८ च्या जर्मन लष्करी रायफली) मुळात ०.३१८ च्या. काही नंतर सुधारल्या, काही नाही. स्वस्तात मिळालेली ०.३२३ ची गोळी ०.३१८ च्या नळीत घालणं म्हणजे रायफल आणि डोळे दोन्ही पणाला लावणं. "माउझर आहे म्हणजे आठ मिमी" एवढ्यावर जाऊ नका.

---

मोसिनभक्त

लष्करी साठ्यातली जुनी काडतुसं विकत घ्यायची, झाडायची, आणि पुंगळ्या भरायच्या, हा सगळ्यात स्वस्त रस्ता नाही का?

---

दारूगोळा

झाडायला स्वस्त, भरायला नाही. त्यातली बहुतेक बर्डन प्राइमरची: प्राइमरचा ऐरण पुंगळीतच घडवलेला, आणि मध्यभागी एका भोकाऐवजी बाजूला दोन बारीक भोकं. बॅटरी लावून आत बघा. दोन दिसली तर डायमध्ये घालू नका, प्राइमर काढायची पिन मोडते. मोसिनच्या ७.६२×५४आर मध्ये तर पुष्कळशा पोलादी असतात. बर्डन प्राइमर पाण्याच्या दाबाने काढता येतो, पण नवे बर्डन प्राइमर मिळवण्यात जी यातायात आहे ती बघता बॉक्सर पुंगळ्या (मध्यभागी एकच भोक असलेल्या) एकदा विकत घेतलेल्या बऱ्या. लापुआ, प्रवी पार्टिझान वगैरे कंपन्या ५४आर च्या बनवतात.

शिवाय जुन्या प्राइमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट. जळून त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे मीठच, आणि ते हवेतली ओल ओढून घेतं. तेलाच्या किंवा पेट्रोलियमच्या द्रावणाने मीठ विरघळत नाही. पाणी लागतं. नळी, चेंबर आणि बोल्टचं तोंड गरम पाण्याने धुवायचं, कोरडं करायचं, मग तेल. त्याच दिवशी.

फार जुन्या काही प्राइमरमध्ये पारा असायचा. त्या पुंगळ्या दिसायला नव्यासारख्या असल्या तरी पारा पितळात शिरून ते ठिसूळ करतो. भंगारात.

लष्करी बॉक्सर पुंगळ्या (मुख्यतः .३०-०६) मिळाल्या तर उत्तम, पण प्राइमरभोवती दाबलेली कड असते. जुना प्राइमर काढल्यावर ती कड खरवडायच्या हत्याराने एक-दोन फेऱ्यांत काढा. नाहीतर नवा प्राइमर तिरका जातो किंवा चिरडतो. या पुंगळ्या जाड असतात, आतली जागा कमी, तेवढ्याच दारूला दाब जास्त. दुसऱ्या कंपनीच्या पुंगळीत जुळवलेला भार तसाच्या तसा इथे आणू नका, सुरुवातीच्या भारापासून पुन्हा चढत या.

---

खोबणीकर

काहीजण पुंगळीला तेल लावून झाडतात, म्हणजे ती चेंबरला चिकटत नाही आणि ताणली जात नाही. ओ-रिंगपेक्षा सोपं नाही का?

---

मापाडी

पुंगळी ताणली जात नाही हे खरं. पण भिंत चिकटून जो जोर धरते तो सगळा मग बोल्टवर येतो. ली-एनफिल्डचे लग (बोल्ट जागी अडकवणारे दाते) बोल्टच्या मागच्या बाजूला आहेत, पुढे नाहीत. दाबाखाली बोल्ट आणि बॉडी दोन्ही लवचिकपणे ताणले जातात. त्यावर अजून जोर नको. ओ-रिंगने तोच परिणाम कोरड्या चेंबरमध्ये मिळतो. आवळणीनंतर वंगणही त्याच कारणासाठी पुसून काढायचं.

मागच्या लगांचा दुसरा अर्थ असा की कमाल भाराजवळ गेलात की पुंगळीचं आयुष्य धडाधड कमी होतं. सुरुवातीच्या भाराजवळ राहणं ही फुकटची बचत आहे.

वंगणाचा विषय निघालाच आहे तर: १ भाग द्रव लॅनोलिन, १० ते १२ भाग ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, फवाऱ्याच्या बाटलीत हलवून घ्या. फवारा, पुंगळ्या लोळवा, पाच मिनिटं थांबा. अल्कोहोल उडायच्या आत डायमध्ये घातलं तर पुंगळी अडकते. वंगण जास्त झालं तर खांद्यावर खळगे पडतात. कारखान्याच्या छोट्या डबीच्या किमतीत हे वर्षानुवर्षं पुरतं.

---

दारूगोळा

कशावर पैसे वाचवायचे नाहीत तेही लिहून ठेवू. तराजू आणि त्याची तपासणीची वजनं. ताजं भरणी-पुस्तक. डोळ्यांचा चष्मा. प्रेस मात्र साधी एकेका टप्प्याची पुरते. शंभर-दीडशे काडतुसांसाठी फिरत्या प्रेसचा खर्च कधीच वसूल होत नाही. फक्त बोल्टवाली एकच रायफल असेल तर हातोडीने चालणारा ली लोडरचा छोटा संच बघा. तो फक्त मान आवळतो, म्हणजे .३०३ ला हवं तेच. फक्त प्राइमर बसवताना त्यावर हातोडी हलकी, तोंड लांब आणि चष्मा डोळ्यांवर.

चिठ्ठी नसलेली दारू फुकट मिळाली तरी घ्यायची नाही. जुन्या काडतुसांतून काढलेली दारूही नाही. प्राइमर त्यांच्या मूळ खोक्यातच ठेवायचे, बरणीत ओतून कधीच नाही. एक पेटला तर सगळे एकदम पेटतात. आणि काडतुसं घरी भरायला तुमच्या देशाचा कायदा परवानगी देतो का, ते प्रेस घ्यायच्या आधी बघायचं.

---

नवा_नेमबाज

धन्यवाद सगळ्यांना. शेवटचा प्रश्न: पुंगळी आता फेकायची वेळ आली, हे झाडण्याआधी कसं ओळखायचं? बाहेरून चमकदार कडं दिसलं की टाकायची, एवढं वाचलंय.

---

मापाडी

बाहेरचं कडं फसवं असतं. डायने भिंत जिथपर्यंत आवळली तिथेही तशीच चमकती रेघ दिसते. आतून बघायचं.

कागद अडकवायची मोठी तारेची क्लिप सरळ करा. एका टोकाला दोन-तीन मिमीचा काटकोन वळवा आणि ते टोक कानशीवर घासून अणकुचीदार करा. पुंगळीत घालून बुडापर्यंत न्या, मग भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढा. चांगल्या पुंगळीत टोक बुडाच्या जाड भागावरून भिंतीवर गुळगुळीत चढतं. ताणलेल्या पुंगळीत कडेपासून सेंटिमीटरभरावर ते एका खोबणीत खटकन अडकतं. पुंगळी फिरवून तीन ठिकाणी बघा, चेंबर थोडा तिरका असेल तर खोबण एकाच बाजूला असते.

हाताला हे कळायला हवं म्हणून एक मेलेली पुंगळी उभी कापून आतलं बघून घ्या, मग न कापलेल्या दुसरीत तार फिरवा.

पुंगळ्या २० किंवा ५० च्या गटात ठेवा, प्रत्येक भरणीला डब्यावर एक रेघ. गटातल्या एकीत खोबण सापडली तर गट संपला असं धरा, कारण बाकीच्यांनी तेवढाच ताण सोसलाय. मान फुटलेली एक निघाली तर मात्र अख्खा गट टाकायची गरज नाही. ताव द्या आणि पुढे चालू ठेवा. प्राइमर अंगठ्याने बसायला लागला तर ती पुंगळी त्याच क्षणी बाद. बाद पुंगळीची मान पक्कडीने चेपूनच भंगारात टाका, नाहीतर ती फिरून ठोकळ्यात येते. आणि .३०३ वाल्यांनी तुटलेली पुंगळी काढायचं छोटं हत्यार पिशवीत ठेवावं. तुटलेला तुकडा चेंबरमध्ये असताना पुढचं काडतूस आत जात नाही, गेल्यासारखं वाटलं तरी बोल्ट जोराने लोटायचा नाही.

---

शिसेवाला

भंगाराचं पितळ शिशाच्या भांड्याजवळही ठेवू नका बरं का. झाऱ्याने कचरा काढताना एखादी पुंगळी चुकून आत गेली आणि तिचा प्राइमर जिवंत असला तर तो भांड्यातच फुटतो आणि शिसं बाहेर उडतं. वेगळा डबा, झाकणाचा.